ज्याला वळता येत नाही

वाचकहो, शक्य असल्यास उभं राहून ऐका, कारण मी आज जे जाहीर करणार आहे ते रत्नागिरी शहराच्याच नव्हे, तर समस्त भूगोलाच्या दृष्टीनं अत्यंत गंभीर आहे. समुद्र मिरकरवाड्याच्या बंदरापाशी संपतो असं शाळेत शिकवतात. मी स्वतः बावीस वर्षं भूगोलाच्या तासाला हेच शिकवलं. ते साफ चूक आहे. समुद्र तिथून चढण चढून वर येत असे, चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, आमच्या गल्लीत शिरत असे आणि गल्लीच्या टोकाला जो मोकळा कातळ होता तिथे जाऊन थांबत असे. निदान आमच्या घरमालकांचं तरी असं मत होतं, आणि आमच्या गल्लीत त्यांच्या मतापुढे भूगोलाचं काही चालत नसे.

घरमालक म्हणजे निवृत्त सारंग, मालवाहू जहाजावरच्या खलाशांचे मुकादम. साऱ्या जन्मात जमिनीवर किती दिवस काढले ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. गल्ली त्यांना सारंगच म्हणे, मी चाचा म्हणत असे. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो. मी सामानाची पहिली पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच चाचांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आपण बंदरात परवानगीशिवाय नांगर टाकलाय असं मला वाटलं.

"मास्तरीणबाई, लाल डबा कुठल्या बाजूला दिसला?"

"डाव्या."

"हिरवा?"

"उजव्या."

"म्हणजे बरोबर आत आलात. राहा."

गल्लीच्या तोंडाशी दोन्ही गडग्यांवर तेलाचे दोन रिकामे डबे होते, एक लाल रंगवलेला, एक हिरवा. बंदरात शिरताना अशाच खुणा असतात म्हणे. गल्ली म्हणजे चॅनल, बंदरात शिरायची पाण्यातली वाट; भाजीची हातगाडी म्हणजे पडाव, दुधाचा टेम्पो म्हणजे गलबत. मधोमध रवंथ करत बसणारी तांबडी गाय म्हणजे बोया, पाण्यावरची तरंगती खूण. तिला हाकलायचं नाही, वळसा घालायचा. चाचांच्या गळ्यात पितळी शिट्टी असे. एक वाजली तर गाडी उजवीकडे घ्यायची, दोन वाजल्या तर डावीकडे आणि तीन वाजल्या तर मागे. गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं. माशांची पाटी घेऊन येणारी बाई तेवढी शिट्टी मानत नसे, ती तोंडानंच पुकारा करी. "चाचा, मी उजवीकडं वळतंय हो! बांगडा ताजा हाय हो!" दोन्ही खबरा एकाच दमात.

माझ्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी गुन्हा केला. स्कूटर तोंड आत करून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर स्कूटरचं तोंड बाहेर. त्यानं परत आत करून लावली. परत बाहेर. तिसऱ्या दिवशी आमच्या साहेबांना ईर्ष्या चढली. त्यांनी स्कूटर फणसाच्या बुंध्याला साखळीनं बांधली, कुलूप घातलं, किल्ली उशाखाली घेऊन झोपले. सकाळी साखळी जागच्या जागी, कुलूप जागच्या जागी, आणि स्कूटरचं तोंड बाहेर. हे कसं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. चाचा एवढंच म्हणाले, "तुमचा नवरा माणूस चांगला हाय, पण नाळ, होडीचं पुढचं तोंड, आत करून लावतो. घाईत सुटायची वेळ आली तर वळायला टाइम कुठं असतो?"

घाईत सुटायची वेळ! या एका वाक्यात तो माणूस मावत होता.

त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. जेवायचे उभ्यानं, चहा प्यायचे चालता चालता. ओटीवर अकरा पावलं जायचं, वळायचं, अकरा पावलं यायचं. आमच्या खोलीत खालून ती पावलं ऐकू येत. माझ्या वह्या तपासायच्या वेळी ती सुरू झाली की मीही नकळत पाय हलवू लागे, आणि नापासाला पास करून टाकी. दाराच्या आत, हाताशी, एक हिरवी लोखंडी पेटी कायम भरलेली असे. दोन सदरे, दाढीचं सामान, थंड बंदरांसाठी एक लोकरी बनियन. वय अडुसष्ट. बायको केव्हाच वारलेली, मुलगा कुवेतला. कुठलंही जहाज त्यांना आता शिडीवरसुद्धा उभं करणार नव्हतं. पण गणपती आले की म्हणायचे, "पाऊस सरला की निघतो, मास्तरीणबाई." शिमगा आला की म्हणायचे, "वारा फिरला की निघतो." ती पेटी पुढे रिकामी झाली आणि तिच्यात कोंबडी अंडी घालू लागली. का, ते शेवटी कळेल. आताच सांगितलं तर माझ्या हातात काय उरलं?

सगळ्या नियमांवरचा एक नियम होता. तो चाचा नमाजाइतक्या गंभीरपणे सांगत. "पहिला कोण आला ते बघायचं नाय. मोठा कोण ते बघायचं नाय. ज्याला वळता येत नाय, त्याला वाट आधी." अरुंद पाण्यात भरलेलं जहाज वळू शकत नाही, म्हणून रिकाम्या होडीनं बाजूला व्हायचं. त्या न्यायानं आमच्या गल्लीत भरल्या हातगाडीपुढे मोटार थांबे आणि गाभण शेळीपुढे हातगाडी थांबे. आणि आपा निघाल्या की सगळंच थांबे.

आपा म्हणजे चाचांची थोरली बहीण. समोरच्या घरात एकट्या राहत. दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. रोज भर दुपारी भावाकडे जेवायला येत. स्वतःच्या दारातून निघायच्या, गडग्यावर तळहात ठेवून एकोणीस पावलं, मग हात सोडून रस्त्यावरची सहा. ती सहा पावलं पुरी होईपर्यंत चाचांची एकच लांब शिट्टी चाले आणि आख्खी गल्ली राष्ट्रगीत चालू असल्यासारखी उभी राही. एकदा एक सरकारी जीप थांबली नाही, तर मासेवालीनं तिच्या काचेवर ओला हात मारला होता.

मी एकदा आपांना विचारलं, "भावाकडेच का राहत नाही हो?"

"तो जाईल मगे," आपा म्हणाल्या. "तो गेला की मी त्याच्या घरात पाव्हणी. त्यापेक्षा माझ्या घरात मी एकटी बरी. सवय हाय मला."

त्यांचं लहानपण, लग्न, वैधव्य, सगळं भाऊ समुद्रावर असताना झालं होतं. रोज सकाळी दार उघडलं की त्या समोर तोंड करून हाक मारत, "हायस का रे?" चाचा तोंडानं कधी उत्तर देत नसत. एकदा शिट्टी वाजवत. फुर्र. आपा मान हलवत आणि कोंबड्या सोडत. मला ते फार गोड वाटे. त्यात गोड काही नव्हतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शिट्टी वाजली म्हणजे आजच्यापुरता आहे, एवढाच तिचा अर्थ होता.

तर अशा या समुद्रात एके दिवशी एक पाटी उगवली. गल्लीच्या टोकाच्या कातळावर, जिथे पोरं क्रिकेट खेळत आणि बायका आमसुलं वाळत घालत, तिथे मुंबईची कुठलीशी कंपनी भलंमोठं दुकान बांधणार होती. एका छपराखाली तांदळापासून टीव्हीपर्यंत सगळं. आता कबूल करते, मला ते दुकान हवं होतं. चाकाची जाळीदार गाडी ढकलत, थंडगार हवेत, कुणाला "पाव किलो रवा द्या हो" न म्हणता वस्तू उचलायच्या, या कल्पनेनं मला गुदगुल्या होत. हे मी गल्लीत कुणाला सांगितलं नाही. मला तिथंच राहायचं होतं.

कंपनीचा एक गोरागोमटा तरुण गुंडाळी केलेला नकाशा घेऊन ओटीवर आला. चाचांनी चालता चालताच त्याची उलटतपासणी घेतली.

"भरती किती वाजता?"

तरुण माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "गाड्या कधी येणार, असं विचारतायत."

"ओके. दुकान सकाळी दहा ते रात्री दहा उघडं असेल, अंकल. गिऱ्हाइकांच्या गाड्या तेव्हाच येतील. मालाचे ट्रक दिवसभर, जसे लागतील तसे."

"आणि ओहोटी?"

"म्हणजे?"

"गाड्या कमी कधी?"

तरुण अभिमानानं हसला. "कमी नाहीच, अंकल. आमच्या दुकानांत गर्दी कायम."

चाचा अकराव्या पावलावर थांबले. ते अकराव्या पावलावर थांबलेले मी प्रथमच पाहिले. तरुण गेल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाई, बारा तास भरती. ओहोटी नाय. मग आपा तिच्या घरातून भाईर पडणार कधी?"

त्यानंतर त्या माणसाची पावलं थांबेनात. आठवडाभर आमच्या घराखाली जणू इंजिन चालू होतं. आपांना भरभर रस्ता ओलांडायला शिकवावं असंही त्यांनी करून पाहिलं. सहा पावलांची चार करायची. आपा गडग्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं गल्ली माझ्यासाठी थांबते. मी म्हातारपणी कशाला धावू?"

मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदार शेटनी समिती काढली. समितीची बैठक आमच्या ओटीवर. शेट छातीवर हात ठेवून म्हणाले, "मला माझ्या दुकानाची काळजी नाय हो! मला फक्त वाहतुकीची काळजी!" यावर समिती इतकी हसली की चहा सांडला. पण शेट हुशार माणूस. त्यांनी बातमी आणली होती की रस्ता पुरेसा आहे का ते बघायला पाहणीचे साहेब येत्या मंगळवारी अकराला येणार. आणि मंगळवारी अकराला आमच्या गल्लीत गाय सोडून कोणी नसतं.

"म्हणून," शेट म्हणाले, "गाड्या आपण आणायच्या. साहेबांना भरलेला रस्ता दाखवायचा."

मी शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, "हा खोटेपणा झाला."

"खोटं कसलं?" चाचा म्हणाले. "उद्याचं खरं आज दाखवायचं. बंदरात वादळाचा बावटा लावतात तो वादळ आल्यावर लावतात की काय?"

तयारी दर्यावर्दी थाटाची झाली. माझ्याच घडीच्या फळ्यावर चाचांनी गल्लीचा नकाशा काढला. भावकीतल्या दोन रिक्षा, दुधाचा टेम्पो, चिऱ्यांचा ट्रक, वऱ्हाडाची जीप, चार मोटारसायकली, आमची स्कूटर. कोण कुठून शिरणार, कोण कुणाला अडवणार, सगळं खडूनं लिहिलेलं. शेट प्रत्येकाला बजावत होते, "काय वाटेल ते झालं तरी हलायचं नाय!" आणि चाचांना वेगळं बाजूला घेऊन त्यांनी एक वाक्य घोकून घेतलं. "साहेबांनी विचारलं, आज कशी चालते वाहतूक, तर म्हणायचं, मी करतो हो, पण मी म्हातारा, आज हाय उद्या नाय. नीट बोला. म्हणा बघू."

"आज हाय उद्या नाय," चाचा म्हणाले. त्यांना ते अवघड गेलं नाही. अर्धं आयुष्य ते हेच तर म्हणत होते.

मंगळवार. अकरा. मी शाळेतून रजा घेतली होती. कारणाच्या रकान्यात "घरगुती अडचण" लिहिलं, आणि अडचण तर खरोखरच अप्रतिम झाली होती! ट्रकनं तोंड डावीकडे घातलेलं, जीप त्याच्या कुशीत, रिक्षा एकमेकींच्या आरशांत आरसे अडकवून उभ्या, गाय मध्ये, आणि माझा नवरा दुधाच्या टेम्पोमागे आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कटात सामील झाल्याच्या आनंदानं हॉर्न वाजवतोय. पाहणीचे साहेब, चष्मा आणि छत्री, कसेबसे अंग चोरत मधे पोचले. एका रिक्षाचा दांडा त्यांच्या पोटाला आणि शेळीचं तोंड त्यांच्या फायलीला.

"हे अशक्य आहे," साहेब म्हणाले. "इथे आणखी गाड्या? अशक्य!" आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

शेटनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. चाचा ओटीवर हात मागे बांधून उभे होते. शिट्टी सदऱ्याच्या आत टाकलेली. शेटनीच टाकायला लावली होती.

आणि त्या क्षणी गल्लीच्या तोंडाशी एक गाडी शिरली. फळ्यावरच्या नकाशात ती नव्हती. मिरकरवाड्याहून माशांचा टेम्पो, वरचा रस्ता खणला होता म्हणून कातळावरून पलीकडे निघायला आडवाटेनं आलेला. मागे फिरायला जाईपर्यंत त्याच्या पाठीशी आमचीच मोटारसायकल येऊन चिकटली. ड्रायव्हर परका. तो अर्धा बाहेर लोंबकळून ओरडला, "ओ भाऊ! बर्फ सुटला हो! माल जाईल सगळा!"

टेम्पोच्या फळीखालून पाणी गळत होतं. आधी थेंब, मग धार. जांभ्या धुळीतून ती धार वळत वळत चाचांच्या ओटीकडे आली. चाचा तिच्याकडे बघत होते. एक पाऊल पुढे, एक मागे. त्यांचे हात पाठीमागून सुटले, परत बांधले गेले.

"सारंग," शेट दात आवळून म्हणाले, "नको."

"त्याला वळता येत नाय, शेट."

"सारंग, शपथ हाय तुम्हाला!"

"पुढं होडी मागं होडी, मधे भरलेलं गलबत," चाचा स्वतःशीच पुटपुटले. हात सदऱ्यात गेला. पितळ चमकलं.

तीन शिट्ट्या. जीप मागे. एक शिट्टी. ट्रक उजवीकडे. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते: ज्यांना हलू नका म्हणून शपथा घातल्या होत्या ते सगळे हलले. सवयीनं हलले! रिक्षांचे आरसे सुटले, मोटारसायकली गडग्याला लागल्या. माझा नवरा, ज्याची स्कूटर अर्थातच नाळ बाहेर करून उभी होती, सर्वांत आधी सुटला आणि मग कपाळावर हात मारून घेतला. गायीला वळसा घालून माशांचा टेम्पो धार सांडत निघून गेला. दहा मिनिटंही लागली नसतील. रस्ता मोकळा, लख्ख, मधे फक्त पाण्याची ओली रेघ आणि बोया.

साहेब पेन हातात धरून उभे होते. शेट मटकन गडग्यावर बसले.

"अडवायचं होतं हो, सारंग," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "सोडवायचं नव्हतं!"

या शांततेत समोरचं दार उघडलं. जेवणाला अवकाश होता, पण एवढा गोंगाट ऐकून आपा बाहेर आल्या होत्या. गडग्यावर हात ठेवून त्या निघाल्या. चाचांनी लांब शिट्टी लावली. साहेबही नकळत पाय जुळवून उभे राहिले. आपा गडगा सरला तिथे, हात सोडायच्या जागी थांबल्या. कोणाचा तरी परका श्वास त्यांना ऐकू आला असावा.

"कोण हाय?"

"मी पाहणीला आलोय, आजी," साहेब म्हणाले. "तुम्ही एकट्याच ओलांडता रस्ता? भीती नाही वाटत?"

"शिट्टी वाजते तवर कसली भीती?"

साहेबांनी चष्मा वर सारला. माणूस वाईट नव्हता, हे मला नंतरही वाटत राहिलं. त्यांनी पुढे मालाचे ट्रक फक्त सकाळी आठच्या आत, अशी अट घातली. म्हणजे भरतीला वेळ लावून दिली. दुकान झालं. मीच पहिल्या आठवड्यात तिथे जाळीदार गाडी ढकलून आले आणि नको असलेला ब्रश घेऊन आले. गिऱ्हाइकांच्या गाड्या यायच्या, परगावच्या, ज्यांना शिट्टीची भाषा येत नसे. चाचा पाच वर्षं रोज भर दुपारी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, आपा गेल्या त्या दिवसापर्यंत. पण त्या वर्षांत आपांना जेवायला रस्ता ओलांडायचा नसे, फक्त समोरच्या जुन्या घरच्या कोंबड्यांना दाणे टाकून परत यायचं असे, कारण त्या मंगळवारच्या संध्याकाळीच त्या आपली चटई घेऊन भावाकडे राहायला आल्या होत्या. तर त्या मंगळवारचं शेवटचं सांगते.

साहेब चाचांकडे वळले. शेट अजून सगळं हरले नव्हते. एक वाक्य शिल्लक होतं, घोकलेलं, आणि साहेबांनी नेमका त्याच वाक्याचा प्रश्न विचारला.

"सारंग, हे सगळं तुमच्यावर चाललंय. मी कागदावर काय लिहू? तुम्ही आज आहात. उद्या नसलात तर?"

शेट उठून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते: आज हाय उद्या नाय, आज हाय उद्या नाय. मी सुद्धा मनातल्या मनात म्हणत होते. चाचांनी तोंड उघडलं. आणि मग त्यांचं लक्ष समोर गेलं. आपांनी हात गडग्यावरून काढला नव्हता. मान किंचित तिरकी करून, रोज सकाळी शिट्टीसाठी करत तशी, त्या ऐकत उभ्या होत्या.

चाचांनी शिट्टी तोंडाकडे नेली, अर्ध्यावर थांबवली, आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, साहेबांवर जवळजवळ खेकसून म्हणाले,

"नसायला काय झालं? मी हाय ना इथंच! मी कुठं जातोय आता?"